तेल कमी करायचंय, पण सासूबाईंची तर्री राहिली पाहिजे!

चिंचवडची_सून:
घरात आम्ही पाच जण: मी, नवरा, सासूबाई, सातवीतला मुलगा आणि बालवाडीतली मुलगी. कंपनीच्या तपासणीत नवऱ्याची एचबीए१सी (रक्तातल्या साखरेची दोन-तीन महिन्यांची सरासरी सांगणारी चाचणी) ६.१ आली. डॉक्टर म्हणाले, मधुमेह अजून नाही, पण उंबऱ्यावर आहात. आधी खाणं आणि चालणं बघा. सासूबाईंचं म्हणणं, त्याचं वेगळं शिजव, आम्हाला कशाला आजाऱ्याचं जेवण? मी आठला बाहेर पडते, सातला येते, त्यामुळे स्वयंपाकघर त्यांच्याच हातात. मुलगा पाचला क्लासहून आला की नूडल्स, नाहीतर बिस्किटांचा पुडा. महिन्याला पाच लिटरचा तेलाचा कॅन लागतो. जास्त आहे का? सुरुवात कुठून करू?

डबेवाली_काकू:
मी सोलापुरात घरगुती डबे देते, म्हणून आधी कॅनचं बोलते. पाच माणसांत पाच लिटर म्हणजे दर माणशी रोज सहा-सात चहाचे चमचे तेल झालं, आणि त्यातली एक तर बालवाडीतली! तीन लिटरवर आरामात भागतं. पण सासूबाईंना "तेल कमी घाला" म्हणू नकोस बाई. चाळीस वर्षं फोडणी घातलेल्या हाताला ते लागतं. एक तारखेला तीन लिटरच आण, आणि कॅनमधून थेट कढईत ओतायचं बंद कर. छोटी बुधली नि छोटा चमचा ठेव. हात आपोआप आखडतो.

कोबी, गवार, दुधी, फोडणीत जिरं-मोहरी तडतडली की भाजी टाकायची, ताटली झाकायची आणि ताटलीत पाणी ओतायचं. वाफेवर शिजते, बुडाला लागत नाही, तेल निम्मं पुरतं. आपल्याकडे दाण्याचा कूट सगळ्यात पडतो. दाण्यात जवळजवळ निम्मं तेलच असतं, मग कूट घातलेल्या भाजीवर वरून तवंग कशाला? तर्री रविवारी करा, मटणावर. रोज आमटीवर नको.

वेगळं मात्र काही शिजवू नकोस. एकाच्या ताटात दुधी नि चौघांच्या ताटात बटाटा, असं जेवण कुणालाच गोड लागत नाही. भाजी सगळ्यांना तीच, वाटी मोठी. भात सगळ्यांना तोच, मूद लहान. कोशिंबीर आधी वाढायची, पोळ्या यायच्या आत. भुकेल्या पोटी काकडीसुद्धा संपते.

उपवासाच्या साबुदाण्याचंही सांगते, कारण आमच्या गिऱ्हाइकांत तोच घोळ असतो. उपवास म्हणून हलका समजतात, पण साबुदाणा म्हणजे जवळजवळ नुसता स्टार्च. नवऱ्याला भगर नि दाण्याची आमटी द्या, भगर वाटीभरच.

नाशिककर_बाबा:
काकूंशी सहमत. भाकरीबद्दल मात्र एक भर. आमच्या घरी "ज्वारी आली, आता साखर वाढत नाही" म्हणत दोन-दोन जाडजूड भाकऱ्या चालल्या होत्या. ज्वारीत तंतू चांगले, पण भाकरी मोठी असेल तर एकीत दोन पोळ्यांचं पीठ जातं. एकच घ्यावी, सोबत मटकी किंवा डाळ. आणि चहातली साखर काढून गूळ घालणाऱ्यांना काय म्हणावं! मधुमेहाच्या हिशेबात गूळ साखरेचाच भाऊ.

मुलाला पाच वाजता भूक खरीच लागलेली असते, तिथे उपदेश चालत नाही. फुटाणे, उकडलेलं अंडं, केळं, सकाळचं थालीपीठ, जे असेल ते डोळ्यांसमोर ठेवा; बिस्किटं घरात आणूच नका. आणलीच तर पुड्यामागची यादी वाचा. जे सर्वांत जास्त घातलेलं असतं ते पहिलं लिहितात. पुढे "मल्टीग्रेन" आणि मागे पहिला मैदा, असं हमखास सापडेल.

चिंचवडची_सून:
ताटलीत पाणी ओतून शिजवायचं सासूबाईंना वाचून दाखवलं. म्हणाल्या, "ही तर माझ्या आईची पद्धत, त्यात शिकवायचं काय?" उद्या गवार त्याच करणार आहेत! तीन लिटरचं अजून बोलले नाही, एक तारखेला बघू. पापडाचं विचारायला सांगितलंय. तळलेला नको, पण भाजलेला रोज चालेल ना?

डबेवाली_काकू:
भाजल्याने तेल वाचतं, मीठ नाही. दिवसाला माणशी सगळं मिळून चहाचा एक सपाट चमचा मीठ, त्यात पापड, लोणचं, फरसाण सगळं आलं. आठवड्यातून एक-दोनदा चालेल. त्या दिवशी लोणच्याची बरणी खाली काढू नका.