शब्दचर्चा : काठी लागलीच नाही, तरी ‘हमला’?

ओळींमधला
मी न्यायालयीन कागदपत्रांची मराठी भाषांतरे करतो. सध्या हाती असलेल्या निकालपत्रात पुढील घटना सिद्ध मानली आहे : बांधावरून वाद झाला, आरोपीने काठी उगारली, फिर्यादी मागे सरला, तेवढ्यात शेजाऱ्यांनी आरोपीला धरले आणि काठी कोणालाच लागली नाही. शिक्षा झाली ती भारतीय दंड संहितेच्या कलम ३५२ खाली, म्हणजे इंग्रजीत ज्याला ‘असॉल्ट’ म्हणतात त्यासाठी. मी ‘हल्ला’ लिहिले. तपासणाऱ्या वकिलांनी ते खोडून ‘हमला’ केले. पक्षकाराच्या घरच्यांनी दोन्ही वाचून एकच विचारले, की आमच्या माणसाने मारलेच नाही असे न्यायालय म्हणते, मग हल्ला कसला? साध्या मराठी वाचकाला प्रत्यक्ष मार बसल्याचा भास होणार नाही, असा शब्द कोणी सुचवील का?

जुनी सनद
वकिलांनी केलेला बदल योग्य आहे, कारण संहितेच्या शासकीय मराठी पाठात ‘हमला’ हाच शब्द आहे आणि भाषांतरकाराने व्याख्येतला शब्द परस्पर बदलू नये. आता व्याख्या पाहा. कलम ३४९ मध्ये ‘बल’, ३५० मध्ये ‘फौजदारीपात्र बलप्रयोग’ आणि ३५१ मध्ये ‘हमला’ अशी चढण आहे. गंमत अशी, की क्रमाने शेवटी येणारा हमला प्रत्यक्षात बलप्रयोगाच्या आधीच पूर्ण होतो. एखाद्याने हावभाव किंवा तयारी केली, आणि आता हा आपल्यावर फौजदारीपात्र बलप्रयोग करणार अशी धास्ती समोरच्याला वाटावी असा त्याचा उद्देश असला किंवा तसे वाटण्याचा संभव त्याला ठाऊक असला, की गुन्हा झाला. मूठ उगारून दाखवणे आणि चवताळणाऱ्या कुत्र्याचे मुसके सोडू लागणे ही कलमातलीच उदाहरणे आहेत. नुसत्या शब्दांनी हमला होत नाही. मात्र शब्दांमुळे हावभावाला तसा अर्थ येऊ शकतो. दंड संहितेच्या जागी आलेल्या भारतीय न्याय संहितेत, म्हणजे १ जुलै २०२४ पासून, हीच व्याख्या कलम १३० मध्ये आहे आणि शिक्षा १३१ मध्ये.

शुद्धिपत्र
व्याख्या मान्य, शब्द अमान्य. ‘हमला’ हा अरबीतून आलेला शब्द असून मराठी बोलणारा माणूस तो एरवी कधी उच्चारत नाही. हिंदी वृत्तवाहिन्यांमुळे तो फक्त कानावर पडतो. संस्कृतोद्भव शब्द घडवायचा तर ‘अभिक्रम’ घ्यावा, किंवा निदान ‘आक्रमण’ तरी. ज्या संहितेत ‘सदोष मनुष्यवध’ इतका नेटका शब्द आहे, तिथे शेजारीच ‘हमला’ आणि ‘जबर दुखापत’ कशाला?

विहिरीकाठ
आक्रमण सैन्य करते; बांधावरचा भाऊबंद करीत नाही. आमच्याकडे यासाठी फार जुना आणि अचूक शब्दप्रयोग आहे, तो म्हणजे ‘अंगावर धावून जाणे’. पोलीस ठाण्यातल्या बहुतेक फिर्यादींत ‘शिवीगाळ करून अंगावर धावून आला’ हे वाक्य असते, आणि ते लिहिणारा हवालदार नकळत कलम ३५१ चेच घटक नोंदवीत असतो. शिवाय ‘उगारणे’ हे क्रियापद पाहा. हात उगारला म्हणजे अजून मारलेले नाही. हात उचलला म्हटले, की बहुधा मारलेले असते. आणि हात टाकला म्हटले, की प्रकरण आणखी निराळ्या कलमाकडे जाते. इतका बारीक भेद करणाऱ्या भाषेने ‘अभिक्रम’ उसना घ्यावा, हे मला पटत नाही.

जुनी सनद
‘उगारणे’ मलाही आवडते, पण ते कुत्र्याच्या मुसक्याला लागू पडत नाही. तिथे कोणी काही उगारत नाही आणि कोणी धावूनही जात नाही. कायद्याला सगळ्या तऱ्हा पोटात घेणारे नाम लागते, आणि ‘अंगावर धावून जाण्याबद्दल शिक्षा’ असा मथळा कलमाला शोभेल असे मला वाटत नाही. शब्दांबद्दल आणखी एक सांगतो. इंग्लंडमध्ये १६६९ साली एका गृहस्थाने तलवारीच्या मुठीवर हात ठेवून सांगितले, की न्यायाधीशांचा दौरा गावात नसता तर तुझे हे बोलणे मी ऐकून घेतले नसते. न्यायालयाने हा ‘असॉल्ट’ नाही असे ठरवले, कारण हावभाव धमकीचा असला तरी सध्या काही करणार नाही, असे ते शब्दच सांगत होते.

हाडवैद्य
मी सरकारी रुग्णालयात अनेक वर्षे जखमांची प्रमाणपत्रे लिहिली आहेत. मला ‘हमला’पेक्षा ‘जबर दुखापत’ हा शब्द अधिक छळतो. नातेवाईक विचारतात, की पोटरीवर बारा टाके पडले तरी तुम्ही ‘साधी’ कसे लिहिता, आणि त्याचा एक दात मोडला तर ‘जबर’ कसे? उत्तर कलम ३२० मध्ये आहे. तिथे आठच प्रकार मोजून दिले आहेत : पुरुषत्व नष्ट होणे, डोळ्याची दृष्टी किंवा कानाची श्रवणशक्ती कायमची जाणे, अवयव किंवा सांधा गमावणे, त्यांची शक्ती नष्ट होणे किंवा कायमची क्षीण होणे, डोके वा चेहरा कायमचा विद्रूप होणे, हाड किंवा दात मोडणे वा निखळणे, आणि शेवटी, जिवाला धोका उत्पन्न करणारी किंवा वीस दिवस तीव्र वेदना देणारी अथवा तितके दिवस नित्याचे व्यवहार करू न देणारी दुखापत. नव्या संहितेच्या कलम ११६ मध्ये वीसचे पंधरा दिवस झाले आहेत. म्हणजे ‘जबर’ हा शब्द जखमेचे रूप पाहून लावायचा नसून या यादीत बसते की नाही ते पाहून लावायचा आहे, आणि वर्तमानपत्रांतल्या ‘गंभीर जखमी’शी त्याचे काही नाते नाही.

शुद्धिपत्र
वर्तमानपत्रांचे नाव निघालेच आहे, तर ‘प्राणघातक हल्ला’ या शब्दयोजनेबद्दलही बोलावे. ज्याने प्राणांचा घात झाला तो प्राणघातक. मग तो माणूस रुग्णालयात जबाब कसा देतो? संहितेत या नावाचा गुन्हाच नाही. खुनाचा प्रयत्न आहे, घातक हत्याराने केलेली दुखापत आहे, आणि बातमीदार दोन्हींवर हेच एक लेबल डकवतात.

विहिरीकाठ
लोकांनी त्यावरही तोडगा काढलेला आहे. दंड संहितेच्या ३०७ ला, म्हणजे खुनाच्या प्रयत्नाच्या कलमाला, सगळा महाराष्ट्र ‘हाफ मर्डर’ म्हणतो, आणि त्यात कोणाचाही गैरसमज होत नाही.

शुद्धिपत्र
हा तोडगा नव्हे, शरणागती आहे.

अरबी समुद्र
‘जबर’बद्दल एक रंजक गोष्ट सांगावीशी वाटते. अरबीत ‘जब्र’ म्हणजे मोडलेले पुन्हा जोडणे, आणि हाड बसवणे हाही त्याचा एक अर्थ. बीजगणिताला युरोपात जे नाव मिळाले ते याच ‘अल्‌-जब्र’वरून. स्पॅनिशमध्ये हाड बसवणाऱ्याला पूर्वी ‘अल्हेब्रिस्ता’ म्हणत. हाड मोडले की दुखापत ‘जबर’ ठरावी, यात मला मोठे औचित्य दिसते.

जुनी सनद
औचित्य सुंदर आहे, पण व्युत्पत्ती टिकत नाही. सक्ती या अर्थाचा ‘जब्र’ अरबी आहे आणि आपल्या ‘जबरी’त तो दिसतो. ‘जबर’ आणि ‘जबरदस्त’ मात्र फारसी ‘ज़बर’वरून आले; त्याचा अर्थ वरचा, वरचढ. जबर म्हणजे साध्या दुखापतीच्या वरची, इतकेच.

अरबी समुद्र
बोलणाऱ्यांच्या तोंडी दोन्ही शब्द एकमेकांत मिसळले नसतील, असे आपण इतक्या खात्रीने कसे म्हणता? ‘जबरी चोरी’तला ‘जबरी’ ऐकताना मोठी चोरी असाच अर्थ घेणारी माणसे मी पाहिली आहेत.

ओळींमधला
माझा प्रश्न काठीचा होता आणि ती लागलेली नव्हती, एवढी आठवण करून देतो. तूर्त मी ‘हमला’ ठेवून पहिल्या उल्लेखाशी ‘म्हणजे अंगावर धावून जाणे, यात प्रत्यक्ष मार बसणे आवश्यक नाही’ असे जोडण्याचा विचार करतो आहे.

जुनी सनद
तशी टीप अवश्य द्या; पण टिपेत ‘काठी उगारून अंगावर धावून जाणे, या प्रकरणात’ असे लिहा, म्हणजे ती व्याख्या ठरणार नाही. आणि भाषांतरात ‘इच्छापूर्वक’ हा शब्द आला असेल तर तिथे अधिक जपा. ‘इच्छापूर्वक दुखापत’ वाचून प्रत्येक आरोपी म्हणतो, की माझी तशी इच्छा नव्हती. कलम ३९ प्रमाणे परिणामाचा संभव ठाऊक असणे किंवा तसे मानण्यास कारण असणेही पुरेसे आहे. तिथले उदाहरण जबरी चोरीचे आहे : जबरी चोरी सोपी व्हावी म्हणून कोणी रात्री मोठ्या गावातल्या वस्तीच्या घराला आग लावली आणि त्यात माणूस मेला. त्याला मृत्यू नको असेल, वाईटही वाटले असेल. तरीही आपल्या कृतीने मृत्यू ओढवण्याचा संभव त्याला ठाऊक असेल, तर त्याने तो ‘इच्छापूर्वक’ घडवला.

शुद्धिपत्र
म्हणजे ज्याची इच्छा नव्हती त्याने इच्छापूर्वक केले! इथे तरी ‘जाणूनबुजून’ किंवा ‘बुद्धिपुरस्सर’ चालले असते.

विहिरीकाठ
‘जाणूनबुजून’मध्ये जाणीव येते, हे खरे, परंतु ‘मानण्यास कारण असणे’ त्यातही येत नाही. हाडवैद्य, आपल्याला एक विचारायचे होते. भावकीच्या भांडणात सहा वर्षांच्या मुलाचा आधीच हलणारा दुधाचा दात धक्क्याने पडला, तर ती यादीतली जबर दुखापत धरायची का?

हाडवैद्य
कलमात नुसता ‘दात’ आहे. दुधाचा की कायमचा, असा भेद तिथे केलेला नाही. मी प्रमाणपत्रात दात कोणता, तो मुळात हलत होता का आणि हिरडीला ताजी इजा दिसते का, एवढे लिहीन. निखळला की पडला, हे न्यायालयाने ठरवावे.

शुद्धिपत्र
सांधा निखळतो, दात पडतो, उपटला जातो किंवा फार तर उन्मळतो. संहितेच्या मराठी पाठात दाताला ‘निखळणे’ लावलेले असेल, तर त्यावरही माझी हरकत नोंदवून घ्यावी.