अमेरिकेत तेलाचा सुकाळ, मग पोस्टरवर पेट्रोल वाचवायची बोंब कशाला?

कडक_चहा:
काल रात्री दुसऱ्या महायुद्धातली अमेरिकन पोस्टर्स बघत बसलो होतो. १९४३ चं एक आहे, सुटाबुटातला माणूस ऐटीत गाडी चालवतोय, बाजूच्या सीटवर हिटलरची नुसती पांढऱ्या रेघांची आकृती, आणि खाली लिहिलंय की एकटे गाडी फिरवाल तर हिटलरला सोबत घेऊन फिराल, आजच कार शेअरिंग क्लबात या. पण तेव्हा जगातलं निम्म्याहून जास्त तेल अमेरिकाच काढत होती ना? मग एवढा आटापिटा कशाला, नुसतं लोकांना तापवायला?

रबरी_चप्पल:
अहो पेट्रोल निमित्त, खरा घोर टायरचा. १९४२ च्या सुरुवातीला जपानने मलाया (आजचा मलेशिया) आणि डच ईस्ट इंडीज (आजचा इंडोनेशिया) घेतलं आणि अमेरिकेचं बहुतेक सगळं रबर तिकडूनच यायचं. कृत्रिम रबराचे कारखाने उभे राहीपर्यंत लोकांच्या गाड्यांना आहेत ते टायर पुरवायचे होते. म्हणून पेट्रोलच आवळलं, म्हणजे गाडी आपोआप कमी पळणार. डिसेंबर १९४२ पासून देशभर रेशनिंग, काचेवर ए, बी, सी असे स्टिकर, ए वाल्याला, म्हणजे साध्या गाडीवाल्याला, आठवड्याला ४ गॅलन (पुढे तेही कमी केले), वर वेगाची मर्यादा ताशी ३५ मैल. पूर्व किनाऱ्यावर मात्र आधी पेट्रोलचीच खरी चणचण होती कारण जर्मन पाणबुड्या टँकर बुडवत होत्या.

उधारीचं_खातं:
आणि वॉर बाँडची, म्हणजे युद्धासाठी सरकारने लोकांकडून घेतलेल्या कर्जाची, पोस्टर्स बघा, तिथे तर अजून गंमत. सगळ्यांना वाटतं सरकारकडे पैसे नव्हते म्हणून बाँड. ते होतंच, पण गाड्यांचे कारखाने फेब्रुवारी १९४२ पासून रणगाडे-विमानांकडे वळवलेले, ओव्हरटाइम करून लोकांच्या हातात पगार खुळखुळतोय आणि दुकानात घ्यायला काही नाही, मग महागाई भडकणार नाही तर काय. तो पैसा बाजारातून उचलायचा होता. शाळेतली पोरंसुद्धा २५ सेंटचे स्टँप वहीत चिकटवायची, ७५ झाले की १८.७५ डॉलरचा बाँड, दहा वर्षांनी २५ डॉलर. आपल्याकडे उलट. ब्रिटिश सैन्यासाठी इथे माल घेतला, त्याचे पौंड लंडनच्या खात्यात जमा आणि इथे त्याच्यावर नोटा छापल्या. भाव कुठच्या कुठे गेले. १९४३ ला बंगालच्या दुष्काळात काय झालं ते सांगायला नको, त्याला बाकी कारणंही होती, पण ही महागाई त्यातलं मोठं.

कडक_चहा:
अच्छा, म्हणजे पोस्टरवर एक आणि पोटात दुसरंच. पण लोक ऐकायचे का खरंच?

रबरी_चप्पल:
नुसत्या पोस्टरवर? फारसे नाही. तळणीतली उरलेली चरबी डब्यात साठवून खाटकाकडे द्या, त्यातलं ग्लिसरीन स्फोटकांना लागतं, अशी पण पोस्टर्स होती बघा, तव्यातून तेल ओततंय आणि खालून बाँब सुटतायत. बायका काही फार मनावर घेईनात. शेवटी पौंडभर चरबीला ४ सेंट आणि वर मटण-लोण्याच्या रेशनचे दोन लाल पॉइंट द्यायला लागले.

उधारीचं_खातं:
लोण्याचे पॉइंट म्हटल्यावर कोण नाही म्हणेल 😄