सोलर: महिना २४० युनिट वापराला २ किलोवॅट की ३?

सांगलीकर_२४०
महावितरणचं सिंगल फेज कनेक्शन. सरासरी महिना २४० युनिट. एप्रिल-मेमध्ये ३२०, थंडीत १८०. एजन्सीवाला म्हणतोय, अनुदान मिळतंय तर ३ किलोवॅटच बसवा, बिल शून्य. २ पुरेल का? आणि सोलर लागलं की घरातला वापर वाढतो म्हणतात. तो मोजायचा कसा?

फेज_न्यूट्रल
१ किलोवॅटला दिवसाला सरासरी ४ युनिट धरा, भर पावसात निम्मेही येतात. म्हणजे २ किलोवॅटचे महिना २४०. पीएम सूर्यघर या केंद्राच्या योजनेत अनुदान पहिल्या दोन किलोवॅटना ३०-३० हजार, तिसऱ्याला फक्त १८,०००. पुढे कितीही लावा, ७८,००० च्या वर एक रुपया नाही. शिवाय बिलातले महागडे १०० च्या वरचे युनिट आधी वाचतात. खालचे शंभर मुळात स्वस्त, त्यामुळे शेवटच्या पॅनलची कमाई सगळ्यात कमी.

शिल्लक युनिट पुढच्या महिन्यात जातात खरे, पण ३१ मार्चला हिशेब मिटतो आणि उरलेल्यांना अगदी कमी दर मिळतो. थंडीत साठवलेले युनिट ऐन एसी लावायच्या तोंडावर हातचे जातात. आणि शून्य बिल विसरा, स्थिर आकार भरावाच लागतो.

मीटरवाला
वापर वाढलेला कळत नाही, कारण बिल आयात (ग्रिडमधून घेतलेली वीज) वजा निर्यात (ग्रिडला दिलेली) यावर निघतं. खरा वापर = इन्व्हर्टरवरची निर्मिती − निर्यात + आयात. समजा निर्मिती २४०, निर्यात १५०, आयात १९०. बिलात ४० युनिट, घरात जळले २८०! चाळीस बघून माणूस निर्धास्त होतो आणि गिझर दोन वेळा लागतो. २ किलोवॅटचा गिझर अर्धा तास म्हणजे १ युनिट. तिन्ही आकडे दर महिन्याच्या एकाच तारखेला वहीत लिहा.

इंडक्शन_प्रेमी
वाढलेला वापर म्हणजे उधळपट्टीच, हे मला पटत नाही. १४.२ किलोच्या सिलिंडरचा स्वयंपाक इंडक्शनवर केला तर साधारण १२० ते १४० युनिट लागतात. सिलिंडर महिनाभर पुरत असेल आणि गॅस खरंच सोडणार असाल, तर तिसरा किलोवॅट बरोबर तिथे जिरतो. नुसतं ‘कधीतरी एसी घेऊ’ म्हणून घेऊ नका.

सांगलीकर_२४०
गॅस सोडायचा विचार नाही. मग २ च. एक कोटेशन बरंच स्वस्त आलंय, घ्यावं का?

फेज_न्यूट्रल
आधी पॅनल डीसीआर (देशी बनावटीची अट पाळणारे) आहेत का ते कोटेशनवर लिहून घ्या. सेल आणि मॉड्यूल (म्हणजे अख्खं पॅनल) दोन्ही भारतीय बनावटीचे नसतील तर अनुदान मिळत नाही, आणि स्वस्तातली खोट बहुधा तिथेच असते. टाकीची सावली दुपारी चारला कुठवर येते तेही बघा. एका पॅनलवर पडली तरी अख्ख्या स्ट्रिंगची (एकापुढे एक जोडलेल्या पॅनलच्या माळेची) निर्मिती घसरू शकते.