सैतान खोटं बोलला नाही, पण रहस्यकथेत हे चालतं का?

दिवाकंदील: रहस्यकथेत भूत आलं की लेखकाने हात टेकले, असं मी समजायचो. याना तोबोसोची 'ब्लॅक बटलर' ही मांगा (जपानी चित्रकथा) वाचली आणि मत बदललं. 2006 पासून चालू आहे. व्हिक्टोरियन लंडन, सिएल नावाचा पोरसवदा उमराव आणि त्याचा बटलर सेबास्टियन, जो मुळात सैतान. (पुढे जॅक द रिपर, म्हणजे लंडनमध्ये बायकांचे खून करून कधीच न सापडलेला खुनी, याच्या मांगातल्या प्रकरणाचा उलगडा आहे. वाचायची असेल तर इथेच थांबा.)

सिएलच्या हुकमावरून सेबास्टियन संशयितांची यादी आणतो. एकेक नाव गळत शेवटी उरतो व्हायकाउंट ड्रुइट. तो खुनी नसतोच. सिएल जाब विचारतो तेव्हा उत्तर साधारण असं: माणसांपैकी दुसरं कुणी नाही, एवढंच मी म्हटलं होतं. मालकाशी खोटं बोलायचं नाही हा त्यांचा करार, आणि तो मोडलेला नाही. खुनात सिएलची सख्खी मावशी आणि तिच्या जोडीला एक मृत्युदूत. धागा आपल्या नाकासमोर होता, आपणच तो शब्द नीट ऐकला नाही. मी मागची पानं उलटून पुन्हा वाचली.

शंकेखोर: नरो वा कुंजरो वा! तेव्हा निदान धर्मराजाचा रथ चार बोटं खाली आला होता. इथे वाचक टाळ्या वाजवतोय. रोनाल्ड नॉक्सने 1929 साली रहस्यकथेचे दहा नियम मांडले, त्यातला दुसराच हा: अमानवी शक्ती बाद. आणि हा नॉक्स कॅथलिक पाद्री बरं का, चमत्कार मानणारा माणूस! त्यालाही कळत होतं की देव्हारा वेगळा आणि कोडं वेगळं.

दिवाकंदील: नियम कशासाठी? वाचकाला अंदाज बांधता यावा म्हणून. बटलर माणूस नाही हे या प्रकरणाच्या आधीच आपल्याला ठाऊक असतं. एक अमानवी आहे तर दुसराही असेल, हे सुचायला हवं होतं. मला नाही सुचलं. तुम्हाला?

जुनी_वही: माझी तक्रार वेगळी आहे. 31 ऑगस्ट ते 9 नोव्हेंबर 1888, रिपरच्या हातून पाच खऱ्या बायका लंडनच्या व्हाइटचॅपल भागाच्या आसपास मारल्या गेल्या. शेवटची मेरी केली. मांगात तिचं नावसुद्धा बदललेलं नाही. ड्रुइटही हवेतून आलेला नाही. माँटेग्यू ड्रुइट हा वकिली आणि शिक्षकी करणारा माणूस, त्याचं प्रेत 31 डिसेंबरला थेम्समध्ये सापडलं. 1894 च्या एका पोलिसी टिपणात त्याचं नाव संशयित म्हणून आलं, पुरावा आजतागायत नाही. तुम्ही सगळे कोड्यावर भांडताय. खुनी बाईचं दुःख पानंच्या पानं येतं, मेरी केली मात्र मरण्यापुरती. मृत्युदूत आणला की खून देखणा होतो, हेच मला खटकतं.

पैलतीर: रहस्य गेलं उडत, मी त्या मृत्युदूतांसाठी वाचते. नोंदी ठेवायच्या, नियम मोडला की वरिष्ठ येऊन झापणार, वर ओव्हरटाइमची कुरकुर. चित्रगुप्ताची कचेरी अशीच असणार!

शंकेखोर: कचेरी आवडली, मान्य. पण जपान्यांकडेच याहून चांगला नमुना आहे. ओकामोतो किदो या लेखकाने 1917 पासून हान्शिची या गुप्तहेराच्या कथा लिहिल्या. एदो काळातलं, म्हणजे 1868 आधीचं तोक्यो, गल्लीत भुताची कुजबुज, आणि हान्शिची शोधत गेला की बहुधा मुळाशी माणूसच. भीतीही मिळते, उत्तरही मिळतं. आणखी काय हवं?

दिवाकंदील: जुनी_वही, मेरी केलीबद्दल तुमचं पटलं. त्यावर माझ्याकडे उत्तर नाही. शंकेखोर, हान्शिचीने भूत पळवलं की आपण निवांत झोपतो. इथे उलगडा झाल्यावर झोप उडते. मृत्युदूत वजा करून बघा, खुनाचं कारण मावशीचंच उरतं.

शंकेखोर: मग वजाच करायचा ना!