कोल्डप्लेचा दुसरा अल्बम: बदललेला आवाज तुम्हाला कसा भेटला?

कोल्डप्ले या ब्रिटिश रॉक बँडचा पहिला अल्बम 'पॅराशूट्स' आला जुलै २००० मध्ये आणि 'अ रश ऑफ ब्लड टू द हेड' २६ ऑगस्ट २००२ ला. बँडमधले चौघं तेच, केन नेल्सन हा निर्माताही तोच, तरी आवाज बदलला. हा बदल तुम्हाला कुठे जाणवला? रुचला की नाही? सविस्तर लिहा, घाई नाही.

माझ्यापासून सुरुवात करते. काळा घोड्याच्या ऱ्हिदम हाऊसमधून कॅसेट आणली होती. पहिला अल्बम 'डोन्ट पॅनिक'च्या हलक्या गिटारनं उघडतो, तशाच कशाची तरी वाट बघत होते. इथे 'पॉलिटिक' सुरू झालं आणि पियानो, गिटार, ड्रम्स सगळे एकाच ठोक्यावर तुटून पडले. मग अचानक सगळं थांबतं आणि गायक ख्रिस मार्टिन जवळजवळ एकटा गातो. ११ सप्टेंबर २००१ नंतरच्या दिवसांत हे गाणं लिहिलं गेलं, हे पुढे वाचलं तेव्हा ती धडधड कुठून आली ते कळलं. शेवटच्या भागात गाणं मोकळं होतं, ती जागा मला अख्ख्या अल्बममध्ये सगळ्यात प्रिय आहे.

डोंबिवलीहून

मी हार्मोनियम वाजवतो, त्यामुळे 'क्लॉक्स'बद्दलच बोलणार. काळी दोन सा धरा. उजव्या हातात सां-प-ग, मग कोमल नी-प-रे, आणि शेवटी ध-म-रे. म्हणजे सगळे स्वर खमाज थाटातले! आठ मात्रांचं आवर्तन आहे, पण बोटं ३-३-२ अशी पडतात. केहरव्याची सवय असलेल्या कानाला सम सापडते आणि तरी मधले ठोके सतत पुढे ढकलल्यासारखे वाटतात. गाणं कुठेच टेकत नाही ते या दोन्हींमुळे. पहिल्या अल्बममध्ये पियानो होता, पण इतका आग्रही नव्हता. हे गाणं उशिरा सुचलं म्हणून तिसऱ्या अल्बमसाठी बाजूला ठेवलं होतं आणि त्यांचा मित्र आणि व्यवस्थापक फिल हार्वी यानं ते पूर्ण करायला लावलं. २००४ मध्ये याच गाण्याला 'रेकॉर्ड ऑफ द इयर'चं ग्रॅमी मिळालं. फिल हार्वीचे आभार मानावेत तेवढे थोडे.

कोल्हापूरहून

मला अजूनही पहिलाच जास्त आवडतो. 'स्पार्क्स'मध्ये दोन सुरांच्या मधे जी रिकामी जागा आहे, ती दुसऱ्यात कमी झाली. दुसऱ्या अल्बमची गाणी मैदानासाठी बांधली आहेत, मी रात्री एकटा ऐकणारा माणूस. 'ग्रीन आइज' तेवढं जुन्या घरातलं वाटतं.

पुण्याहून

वरच्यांशी मी सहमत नाही. :) कॉलेजच्या बँडमध्ये ड्रम्स वाजवायचो. 'इन माय प्लेस' नुसत्या ड्रम्सनं सुरू होतं. विल चॅम्पियन तिथे एकही जास्तीचा ठोका मारत नाही. आम्ही ते बसवायला घेतलं तेव्हा माझा हात प्रत्येक ओळीच्या शेवटी काहीतरी भरायला धावायचा, आणि भरलं की गाणं लगेच लहान व्हायचं. मग जॉनी बकलंडची गिटार येते, मोजके सूर आणि त्यांचा लांबलेला नाद. आवाज मोठा झाला हे खरं, पण गर्दी वाढलेली नाही. रिकामी जागा गेली नाही, तिची फक्त उंची वाढली. 'स्पार्क्स'वाल्यांनी हे गाणं हेडफोन लावून पुन्हा ऐकावं, ही कळकळीची विनंती.

लीड्सहून

इथे शिकायला आले तेव्हा हा अल्बम जुना झाला होता. मैत्रिणीनं 'द सायंटिस्ट'चा व्हिडिओ दाखवला, सगळं उलटं चालणारा. त्यासाठी ख्रिस मार्टिन अख्खं गाणं उलटं म्हणायला शिकला होता. मला मात्र त्याहून गाण्याची रचना धरून बसली: पियानोचे तेच ते कॉर्ड्स, ड्रम्स थांबून मग येतात, इलेक्ट्रिक गिटार तर शेवटाकडे. घरची फार आठवण यायची त्या हिवाळ्यात. कुणीतरी घाई न करता शेजारी बसलंय असं वाटायचं.

नेरूळहून

जानेवारी २०२५ मध्ये डी. वाय. पाटील स्टेडियमला लेकीबरोबर गेलो होतो. तिला नवी गाणी पाठ, मी २००२ चा. 'द सायंटिस्ट'चे पहिले सूर वाजले आणि तिनं माझ्याआधी गायला सुरुवात केली, सगळे शब्द. घरी मी लावलेलं ऐकूनच शिकली असणार. कोल्हापूरकर, मैदानासाठी बांधली आहेत हे तुमचं म्हणणं पटलं, पण तिथे उभं राहून ऐकल्यावर मला त्याची तक्रार करवत नाही.

पुन्हा कोल्हापूरहून

हेडफोन लावून ऐकलं. 'इन माय प्लेस'बद्दल पुणेकरांचं मान्य. 'स्पार्क्स' तरीही वर!