मदत हवी आहे: थंडीआधी परसात घुमटाकार ग्रीनहाऊस

मिनियापोलिसला राहतो. कढीपत्त्याची कुंडी दर हिवाळ्यात घरात आणून बायकोची बोलणी खातो, म्हणून यंदा घुमट स्वतःच बांधतोय. व्यास 14 फूट, टू-व्ही रचना (दोन लांबींच्या दांड्यांचे त्रिकोण जोडून केलेला घुमट): 46 इंची 30 आणि 52 इंची 35 दांड्या, 26 सांधे. कापाकापी झालीय.

अडलंय ते पुढे. दांड्या पीव्हीसीच्या आहेत, कडाक्याच्या थंडीत त्या ठिसूळ होतात असं आता वाचलं (आधी वाचायला हवं होतं!). माथ्याचे त्रिकोण जवळपास सपाट, तिथे बर्फ साचणारच. मधोमध टेकू पुरेल, की सरळ गॅल्व्हनाइज्ड पाइप घेऊ? आणि दार पाच त्रिकोण मिळून होणाऱ्या पंचकोनात बसवलं तर सांगाडा ढिला पडतो का? कुणी बांधलाय का? जमीन गोठायच्या आत खुंट्या ठोकायच्यात.