मोजता येतं, पण जास्त-कमी कळत नाही: क्रम काय ठेवावा?

रेघोट्या
वयोगट ४ ते ५. मुलं २० पर्यंत न चुकता म्हणतात, ८-१० वस्तू बोट ठेवून बरोबर मोजतात. पण ६ बटणं ऐसपैस आणि ७ बटणं दाटीने मांडली, की 'जास्त कुठे?' विचारल्यावर बोट ६ च्या ओळीकडे जातं. मोजून दाखवलं तरी तेच. वजनातही गोंधळ: मोठं दिसेल ते जड. सुरुवात कुठून करावी? आणि < > ही चिन्हं आत्ताच आणावीत का?

मणीमाळ
या वयात ओळीची लांबी आधी डोळ्यांत भरते, मोजलेला आकडा मागे पडतो. त्यामुळे आधी आकडे बाजूला ठेवून जोड्या लावून घ्या. एकाच आकाराची, दोन रंगांची बटणं घ्या. लाल ओळ मांडा, प्रत्येक लालच्या बरोबर खाली एक निळं. ज्या रंगाची बटणं बिनजोडीची उरली तो जास्त, आणि जितकी उरली तितक्याने जास्त. जोड्या तिरक्या होऊ लागल्या, की सगळं फसतं. म्हणून कागदावर दोन ओळींत १०-१० चौकोन आखून द्या, एका चौकोनात एकच बटण.

संख्या निवडताना नुसता फरक बघू नका. २-३ आणि ८-९ दोन्हींत फरक १ चाच, पण ८-९ नजरेने ओळखणं कितीतरी अवघड. २-८, मग ३-६, ४-६, ५-६, शेवटी ७-८ असं चला.

मग ६-६ जुळवून एक ओळ पसरवायची, हा बालमानसशास्त्रज्ञ ज्याँ पियाजे यांचा प्रसिद्ध प्रयोग. त्यात एक खोच आहे. आधी 'सारखी आहेत का?' विचारलं आणि पसरवल्यावर तोच प्रश्न पुन्हा केला, तर पहिलं उत्तर चुकलं असावं असं वाटून मूल ते बदलतं. प्रश्न एकदाच विचारा, पसरवल्यानंतर. ओळ तुम्ही न विस्कटता बाहुलीने खोडी काढून विस्कटली, तर बरोबर उत्तरं जास्त येतात. तरीही पसरलेली ओळच जास्त सांगण्याची चूक ६-७ वर्षांपर्यंत होत राहिली तर घाबरायचं कारण नाही.

ताजवा
आकडे बाजूला ठेवण्याबद्दल थोडा मतभेद. जोड्या लावून झाल्या की त्याच बैठकीत दोन्ही ओळी मोजून घ्याव्यात, नाहीतर 'उरलं ते जास्त' आणि '७ हे ६ पेक्षा जास्त' या दोन गोष्टी मुलाच्या डोक्यात जुळतच नाहीत.

लांबीसाठी टेबलावर एक पट्टी आडवी चिकटवा. दोन्ही काड्यांचं एक टोक तिला टेकलेलंच हवं. मुलं फक्त वरची टोकं बघतात. सुरुवातीला फरक ४-५ सेंटिमीटर, नंतर १. चढत्या क्रमासाठी आधी ३ काड्या, मग ५. इथे हमखास होणारी चूक: वरची टोकं छान जिन्यासारखी लागतात, खालची मात्र कशीही. 'उरलेल्यांतली सर्वांत आखूड काढ' एवढीच सूचना पुन्हा पुन्हा द्या. क्रम लागल्यावर मधल्या मापाची सहावी काडी हातात द्या. तिची जागा सापडली, तरच समजलं म्हणायचं.

वजनासाठी मोठा स्पंज आणि छोटा दगड. नंतर दोन्ही सारख्याच अपारदर्शक पिशव्यांत घालून हातात द्या आणि हात अदलाबदल करायला सांगा. सुरुवातीला एक दुसऱ्याच्या निदान दुप्पट जड हवं. तराजू आणलात तर रिकामी पारडी समपातळीत आहेत हे आधी मुलांना दाखवा. वर गेलेलं पारडं म्हणजे 'जास्त' असं बरीच मुलं धरून चालतात.

रेघोट्या
चौकोनांची युक्ती लगेच करते. पाण्याचं काय? उंच पेला बघितला की सगळे त्याच्याकडेच!

ताजवा
एक भांडं काठोकाठ भरून दुसऱ्यात ओतायचं. सांडलं तर पहिल्यात जास्त मावतं, जागा उरली तर दुसऱ्यात. अर्धवट भरलेल्या भांड्याने काहीच ठरत नाही. वाळू वापरत असाल तर वरचा ढीग पट्टीने सपाट करा.

खडूफळा
चिन्हांची घाई नको. 'मगर मोठा घास खाते' (चिन्ह म्हणजे मगरीचं उघडं तोंड, मोठ्या आकड्याकडे वळलेलं) असं शिकलेलं मूल चित्र बरोबर काढतं, पण '७ > ४' वाचायला सांगितलं की अडतं. शिवाय ४ ठळक, मोठा छापला तर तोंड तिकडे वळवतं. त्याऐवजी ठोकळ्यांचे दोन मनोरे टेबलावर झोपवा, वरून बघताना ७ चा डावीकडे आणि ४ चा उजवीकडे उभा दिसेल असे, मध्ये अंतर ठेवून. मनोऱ्यांचे मध्य एका रेषेत आणा. एक काडी वरच्या टोकापासून वरच्या टोकापर्यंत, दुसरी खालच्यापासून खालच्यापर्यंत. काड्या ४ कडे जवळ येतात आणि चिन्हाचा आकार आपोआप दिसतो. दोन्ही मनोरे ५ चे केले तर काड्या समांतर: बरोबरचं चिन्ह.

आणि हो, 'हे जास्त की ते?' यात लहान मुलं बऱ्याचदा शेवटी ऐकलेला पर्याय सांगतात. पर्यायांचा क्रम बदलून विचारा, उत्तरामागोमाग 'कसं कळलं?' हेही विचारा.